लेकीचा कान आला

स्क्रीनवरचा तो ठिपका तांदळाच्या कणीएवढा होता. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं दाखवला नसता तर माझं लक्षही गेलं नसतं. उजव्या कानाच्या आत, शंखासारखी जी गुंडाळी असते, नेमकी तिच्यात बसलेली गाठ. साधी गाठ, कॅन्सरची नव्हे, असं त्यांनी मला कागदावर लिहून दिलं, कारण तोवर बोललेलं मला काहीच कळत नव्हतं. साधी म्हणे! कणीएवढ्या गाठीनं माझा अख्खा कान गिळला आणि ती साधी. मला असा राग आला की त्यांच्याच पेनानं मी 'साधी' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, अठ्ठावीस वर्षं लाल पेन चालवलेलं, हाताची सवय जात नाही.

मला मुळात कान एकच. डावा सातव्या वर्षी गेला, गालगुंडात. लावणीचे दिवस होते, आय दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जायची. गालगुंड काय, गाल सुजतो आणि आठवड्याभरात उतरतो, असंच सगळे समजायचे. तिनं मला लेप लावला, शेजारणीच्या ओटीवर निजवलं आणि ती चिखलात उतरली. सूज उतरली, ताप उतरला, आणि त्यांच्याबरोबर तो कानही गेला. डॉक्टरकडे नेलं असतं तरी फरक पडला नसता, हे मला पुढे समजलं आणि मी ते आयला शंभरदा सांगितलं. तिनं एकदाही मानलं नाही. आपण लावणीला गेलो म्हणून लेकीचा कान गेला, हे तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

एका कानावर मी शिकले, नोकरीला लागले, संसार केला. लोक सांगतात, एका कानानं ऐकावं आणि दुसऱ्यानं सोडून द्यावं. मला सोडायला दुसरा कानच नव्हता. म्हणून की काय, कुणी काही बोललं की ते आतच राहायचं आणि मग मी तडकायचे. माझे मिस्टर म्हणतात, हा तुझा आजार कानाचा नाही, जिभेचा आहे. ते एसटी डेपोत आहेत, त्यांना दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय.

चाळिशी उलटल्यावर उजव्या कानात शिटी वाजू लागली. मग मुलं काय बोलतात ते अर्धंच समजायला लागलं, मग चक्कर. एकदा फळ्यासमोर अशी भोवंडले की खडू हातात तसाच आणि मी जमिनीवर. गावातल्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, मग थेंब दिले, मग पित्त म्हणाले. तीन वर्षं मी पित्तावर कोकम सरबत पीत बसले. पोरांना माझं वर्म लगेच कळलं. मागच्या बाकावरून माझी नक्कल व्हायची, आणि सगळी हसली की मी कुणाला तरी एकाला झोडायचे, बहुतेक वेळा चुकीच्याला. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

शेवटी मांडव्याहून बोटीनं मुंबईला गेलो, मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय झाला आणि ती कणी सापडली. डॉक्टर म्हणाले, म्हणजे त्यांनी लिहिलं, की हा कान नुसता सांभाळत बसण्यात अर्थ नाही, ऐकू येणं तर गेलंच आहे. गाठ काढायची आणि त्याच वेळी आत तार बसवायची. कानाची नस शाबूत आहे, तार तिला सरळ इशारे देईल. कानामागे हाडात एक तबकडी आणि बाहेरून चुंबकानं चिकटणारं मशीन. मी डाव्या कानाचं विचारलं. तो चाळीस वर्षं बंद आहे, त्याच्याकडून काम होणं कठीण, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे जे काही व्हायचं ते याच कानात.

माझा धाकटा भाऊ बरोबर होता. तो नवी मुंबईकडे कंपनीत आहे. त्यानं तिथूनच आयला फोन लावला आणि मग तिचा प्रश्न माझ्यासमोर लिहिला. आय इचारते, तिला माझा आवाज येल ना? डॉक्टरांनी वाचलं आणि खाली सावकाश दोन ओळी लिहिल्या. आवाज येईल. पण तो ओळखीचा आवाज नसेल, नव्यानं शिकावा लागेल. मी भावाच्या हातून कागद ओढून घेतला आणि त्याला म्हटलं, तिला सांग, येईल. दुसरी ओळ सांगू नकोस. त्यानं नाही सांगितली.

आय राहायची बोर्ली पंचतनच्या अलीकडे, आमच्या बौद्धवाडीत, एकटी. भावाकडे तिला करमायचं नाही आणि माझ्याकडे ती लेकीचं घर म्हणून राहायची नाही. मी अलिबागजवळ. आमच्यात मुरुडचा रस्ता, मग आगरदांड्याची फेरीबोट, पलीकडे दिघी. सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला दारात. एवढंच अंतर. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

ऑपरेशननंतर पंधरा दिवस मी भिंत धरून चालले. जमीन होडीसारखी हलायची. उलट्या व्हायच्या. कान तर आता पुरताच बंद, आधीची ती शिटीसुद्धा मला बरी वाटावी असं आत सुनं सुनं. मिस्टर पाटीवर लिहून बोलायचे, माझ्याच जुन्या पाटीवर, आणि त्यांचं शुद्धलेखन पाहून मी त्या अवस्थेतही त्यांच्यावर डाफरायचे. ते हसायचे. मला रडू यायचं. असं चाललं होतं.

महिन्यानं मशीन सुरू करायचा दिवस आला. आय हट्टानं आली. आयुष्यात पहिल्यांदा मांडव्याच्या बोटीत बसली, पदर कानावरून घट्ट ओढून, लाटांकडे न बघता. हॉस्पिटलातल्या त्या लहानशा खोलीत ऑडिओलॉजिस्ट बाई होत्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी कानामागे ते चिकटवलं, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि माझ्या डोक्यात टिक, टिक, पुं असं सुरू झालं. मग त्यांनी आयला खूण केली, बोला काहीतरी.

आय पुढे सरकली. माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली,

"आयकू येतंय का गो?"

मला जे आलं ते बोलणं नव्हतं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा खडखडाट, त्यात मध्येच चिरकी शिटी. आयचा आवाज कसा होता सांगू? जाडा, थोडा बसलेला, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारून मारून घोगरा झालेला. त्यातलं तिथं काही नव्हतं. वाक्य मी तिच्या ओठांवरून उचललं. तिच्या डोळ्यांत चाळीस वर्षांची ती लावणी उभी होती, आणि मी म्हणाले,

"येतंय. तुझाच आवाज, आय. जसाच्या तसा."

ती खाली बसली. खुर्ची असून जमिनीवर बसली आणि कॉम्प्युटरला हात जोडले. मी खिडकीकडे बघत राहिले. आय बाहेर गेल्यावर ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागदावर लिहिलं, तुम्ही खरं सांगत जा, मशीन तुमच्या उत्तरावर लावायचं असतं. मी त्यांना लिहिलं, मशीनला खरं सांगेन. उद्धट उत्तर होतं, पण बाई चांगल्या, रागावल्या नाहीत.

वाडीत आयनं दवंडी पिटली. माझ्या लेकीचा कान आला! मी तिला चिडवलं की डोळे येतात ते दुखणं असतं, आता माझे कान आले म्हणतेस तर लोक लांब बसतील. तिला विनोद कळला नाही. ती ज्याला त्याला धरून सांगायची की आधी बोलत होता तसं तिच्याशी हातवारे करून बोलू नका, तिला राग येतो, तिला सगळं आयकाया येतं. आणि ती स्वतः जी इतकी वर्षं माझ्यासमोर तोंड आणून, एकेक शब्द सोडवून बोलायची, ती माझ्याकडे पाठ करून, चूल फुंकता फुंकता बोलायला लागली. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचे. नाही कसं म्हणणार होते?

खरं सांगायचं तर मशीननं काम केलं. कुणी ते वाईट म्हणू नये. सहा महिने मी रोज यादी घेऊन बसले. मिस्टर तोंडापुढे पेपर धरून शब्द वाचायचे आणि मी परत म्हणायचे. काका, काकी, पाणी, पान. आधी दहातले दोन, मग पाच, मग आठ. हळूहळू खडखडाटातून शब्द वेगळे निघू लागले. शाळेत परत रुजू झाले, पहिल्या बाकावरच्या मुलांचं नीट समजायचं. पण आवाज सगळे एकच. मिस्टर, मुख्याध्यापक, बातम्या देणारी बाई, सगळे त्याच पत्र्यातून बोलायचे. कोण बोलतं आहे ते बघून ठरवायचं. आणि माणूस दमला आहे की चिडला आहे, हसत सांगतोय की रडत, ते मशीन काही आणून देत नाही. ते शब्द आणून टाकतं दारात आणि जातं.

फोन सगळ्यात शेवटी, असं बाईंनी सांगितलं होतं. ओळखीच्या माणसापासून सुरुवात करा, ठरलेलं बोला. मी आयपासून केली. रोज सकाळी सात वाजता. ठरलेले तीन प्रश्न. कशी हायस? गोळी घेतली का? काय शिजवलंस? उत्तरंही ठरलेली. बरं हाय, घेतली, आणि मग माशाचं किंवा भाजीचं नाव. मिस्टर कौतुक करायचे, ऑडिओलॉजिस्ट बाईंनी फाइलीत लिहिलं, फोनवर संभाषण जमते. मलाही माझं कौतुक वाटायचं. मी ऐकत कमी होते, ताडत जास्त होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण इतकं छान चाललं होतं.

सहामाही परीक्षेचे दिवस. घरात पेपरांचे गठ्ठे. सोमवारी फोन केला, कशी हायस आय? ती बोलली. मी म्हटलं छान. गोळी? घेतली, आणि पुढे काहीतरी लांबलचक बोलली, त्यातलं मला अर्ध्याहून जास्त समजलं नाही. मी हां हां म्हटलं. मंगळवारी तेच. बुधवारी उत्तर जरा उशिरा आलं, मी म्हटलं छान, ठेवते गं, पेपर तपासायचेत. गुरुवारी तिनं फोन उचलला नाही. मला वाटलं, विहिरीवर गेली असेल. नऊ वाजता शेजारणीचा फोन आला, तो मिस्टरांनी घेतला, आणि त्यांचा चेहरा बघून मी पर्स उचलली. बोर्लीच्या दवाखान्यातून तिला पुढे हलवायला सांगितलं होतं. आम्ही फेरीबोटीवर असतानाच भावाचा मेसेज आला की आय गेली. वाटेतच, गाडीत. हृदयाचं होतं.

शेजारीण म्हणजे तीच, जिच्या ओटीवर मला गालगुंडात निजवलं होतं. आता सत्तरीची. आयला आणून ठेवलं, वंदना झाली, माणसं उठली, आणि ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज मोठा, तोंड माझ्यासमोर. ती रडत रडत सांगत होती की सोमवारपासून छातीत कळ होती, घाम यायचा. मी बोलले, पोराला फोन लावते. तर तुझी आय बोलली, नको, लेकीला सांगितलंय. लेकीला आता आयकाया येतं, ती येल. मंगळवारी मी इचारलं, काय बोलली लेक? तर तिनं तोंड फिरवलं. मग बोलली,

"मी तिला सांगितलं, मला बरं न्हाय. ती बोलली, छान."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. 'न्हाय' म्हणताना तिची जीभ क्षणभर वरच्या दातांमागे लागली. एवढंच. बाकी सगळं 'हाय'सारखंच. कानानं मला दोन्हींत फरक कळला नाही. मी तिला म्हटलं, परत बोला. ती बिचारी घाबरून परत बोलली. बरं न्हाय. मी डोळे मिटून पुन्हा बोलायला लावलं. बरं हाय, असं माझ्या मशीननं मला सांगितलं.

मुंबईच्या यादीत 'आहे' होतं आणि 'नाही' होतं. दोन्ही मला पहिल्या महिन्यातच वेगळे कळले, त्यात चुकायला जागाच नाही. आमच्या वाडीचं हाय-न्हाय त्या यादीत कोण घालणार? आणि मी तरी कुठं घातलं? अठ्ठावीस वर्षं मी पोरांच्या तोंडून ते खरवडून काढत आले. न्हाय नाही, नाही म्हणा! मुलांच्या वहीत त्याच्यावर मी फुल्या मारल्या. घरी मात्र आयशी बोलताना मी तेच बोलायचे, तिला माझं शाळेतलं बोलणं आवडायचं नाही, परक्यासारखं वाटतं म्हणायची. ऑडिओलॉजिस्ट बाईंना मी एक शब्द सांगितला असता की आमच्याकडे असं बोलतात, तर त्यांनी महिनाभर तेवढंच घोटून घेतलं असतं. किंवा आयला सांगितलं असतं, बाई गं, मला निम्मंच कळतं, तू माझ्याशी फोनवर जपून बोल. तिनं नीट दहा वेळा सांगितलं असतं. ती तशीच बोलत आली होती चाळीस वर्षं. मीच तिला सोडवलं त्यातून.

तीन दिवस ती थांबली. मला बरं नाही म्हणून सांगितलं, लेकीनं ऐकलं, आणि लेक छान म्हणाली. यातलं मधलं तिला माहीत नव्हतं आणि मी ते तिला कधी कळू दिलं नाही. ती मला काय समजून गेली, हे मी रोज विचारते. मला राग आला असेल असं वाटलं का तिला? त्या लावणीचं मी मनात धरून ठेवलं होतं आणि आता उट्टं काढलं, असं तर नाही ना वाटलं? देवाला मी मानत नाही, नाहीतर कुणाला तरी विचारलं असतं.

सातव्या दिवशी जलदान विधी झाला. माणसं जेवून गेली. भाऊ सगळा दिवस कामात होता, पण मला ठाऊक होतं, शेजारणीनं त्यालाही सांगितलं आहे. मागच्या पडवीत भांडी पालथी घालत होतो तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहिला. नीट तोंडासमोर, शब्द सोडवून, आय बोलायची तसा. म्हणाला,

"ताई, आयनं तुला सांगितलं व्हतं का? बरं न्हाय म्हणून?"

मी सांगितलं. सगळं. पहिल्या दिवसाचं खोटं, डॉक्टरांची दुसरी ओळ जी मी त्याला सांगू दिली नव्हती, ते छान, छान. मला 'हाय' ऐकू आलं रे, असं म्हणताना माझा आवाज कसा निघाला कुणास ठाऊक, माझा स्वतःचा आवाजही मला पत्र्याचाच येतो. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्याच्या तोंडाचं काहीतरी झालं. मग त्यानं तांब्या उचलला आणि वळून अंगणाच्या कडेला हात धुवायला गेला. फणसाखाली पाठमोरा उभा राहून तो कितीतरी वेळ हात धूत होता.

मला राहवेना. मी पडवीतूनच विचारलं, तुझा माझ्यावर राग हाय का?

त्यानं मान वळवली नाही. उत्तर मात्र दिलं, एका शब्दाचं. मला 'हाय' असं ऐकू आलं. जीभ दातांना लागली की नाही ते मला दिसलं नाही, मला त्याची पाठ दिसत होती, शर्ट घामानं चिकटलेला. परत सांग म्हणायला लाजू नका, असं ऑडिओलॉजिस्ट बाई प्रत्येक भेटीत बजावतात. चार पावलं पुढे जाऊन त्याच्यासमोर उभं राहायचं, एवढंच काम होतं.

मी परत विचारलं नाही.